खाटेच्या पायथ्याशी

"वन्सं, एक सांगू? तुम्ही घरात नसलात ना, की आई स्वतःच्या हाताने चहा पितात," वहिनी म्हणाली आणि गॅस बारीक करायला वळली. दूध संपलंय हे सांगावं इतक्याच सहजपणे ती बोलली होती. ऐकणाऱ्या नणंदेचा एक पाय चपलेत होता आणि दुसरा अजून बाहेर. आत्ताच, रोजच्यासारखी, ती आईसमोर स्टुलावर बसली होती. झटका आल्यापासून आईचा उजवा हात अर्धवटच परतला होता. कप उचलला की तो थरथरायचा, चहा बशीत, बशीतून पदरावर. मग ती पुढे व्हायची, कप हातातून काढून घ्यायची आणि आईच्या ओठांना लावायची. "एकही थेंब सांडत नाहीत," वहिनी पुढे म्हणाली. "दुपारी मी आपली भाजी निवडत बसते, त्या आपल्या पीत बसतात. तुम्ही समोर बसलात की हात असा असा व्हायला लागतो." तिने हातातला चमचा हलवून दाखवला. "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. तुम्ही त्यातल्याच, पोरींना नर्सिंग शिकवता." आई खिडकीबाहेर बघत होती. चोरून काहीतरी खाताना सापडलेल्या मुलीसारखा तिचा चेहरा झाला होता. "उगीच काहीतरी सांगत असते ही," आई पुटपुटली. तिने दुसरा पाय चपलेत घातला आणि "येते" म्हणून जिना उतरली. आपण रागावलो आहोत हे तिला खालच्या पायरीवर आल्यावर कळलं, पण कुणावर ते नीट कळेना.

हॉस्पिटलचा रस्ता तिच्या पायांना पाठ होता, त्यामुळे डोकं मोकळं राहायचं आणि आज ते मोकळं राहणं नकोसं होतं. आपण काय केलं आईचं? रोज समोर बसलो. कोपर किती उचलतं, बोटं कपाच्या कानात नीट शिरतात का, मान पुढे येते का, सगळं बघितलं. संध्याकाळी भावाला सांगितलं, सुधारणा नाही. भाऊ मान हलवायचा; या घरात तिचं म्हणणं हा तज्ज्ञाचा अहवाल होता. नर्सिंगला येण्याआधी ती विज्ञान शिकली होती. प्रयोगशाळेत पहिल्याच वर्षी सरांनी एक गंमत करून दाखवली होती, ती तिला आता सिग्नलशी उभी असताना आठवली. परीक्षानळीत अगदी थोडं गरम पाणी आणि त्यात एक जाडजूड थंडगार थर्मामीटर. बघता बघता पाणीच निवलं. सर म्हणाले होते, "आता हा पारा जे सांगतोय ते पाण्याचं तापमान नाही. थर्मामीटर आत गेल्यावर जे उरलं, त्याचं आहे." वर्ग हसला होता. तिने नेटक्या अक्षरात वहीत उतरवून घेतलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, पूर्ण गुण मिळवले होते. सिग्नल सुटला तरी ती उभीच राहिली. मागून कुणीतरी "ओ बाई, झोपलात का?" म्हणालं, तेव्हा हलली.

वॉर्डात विद्यार्थिनी तिला 'भिंग' म्हणत. होस्टेलच्या जिन्यात तिने एकदा ऐकलं होतं, "आज भिंग आहे गं, नखं कापलीस का?" आणि खरं सांगायचं तर ती मनातून सुखावली होती. भिंगाने काय करायचं असतं? जे आहे ते मोठं करून दाखवायचं. खाटेच्या पायथ्याशी उभं राहायचं, डाव्या हातात मूल्यमापनाचा कागद, उजव्या हातात पेन. हात धुतले का, कुठपर्यंत धुतले, पाकीट कसं उघडलं, रोग्याशी काय बोलली, चिमट्याचं टोक कुठे टेकलं. चूक झाली की पेन कागदावर उतरायचं. ती कधी ओरडत नसे. ओरडायची गरजच पडली नव्हती. पुष्कळ पोरी तिच्या पेनखालून गेल्या होत्या आणि आता ठिकठिकाणच्या वॉर्डात उभ्या होत्या, भेटल्या की वाकून बोलायच्या. हे सगळं तिने प्रामाणिकपणे केलं होतं. प्रामाणिकपणाबद्दल तिला शंका नव्हती, आजही नव्हती.

बायकांच्या शस्त्रक्रिया वॉर्डात शिरताच इनचार्ज सिस्टरने तिला गाठलं. या सिस्टर म्हणजे भलं मोठं शरीर, त्याहून मोठा आवाज आणि रोग्यांइतकीच पोरींचीही काळजी. "मॅडम, आज आपल्या सावकाशचा निकाल ना? पोरीने सकाळपासून पाणी प्यायलेलं नाही. चक्कर येऊन पडली तर खाट नाहीये माझ्याकडे, आधीच सांगते." सावकाश हे त्या मुलीला पोरींनी दिलेलं नाव. उंच, लांब बोटांची. काहीही करायला घेतलं की इतर पोरींच्या दुप्पट वेळ लावायची. ड्रेसिंगच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती, दोन्ही वेळा भिंगासमोर. पहिल्यांदा चिमटा हातातून सुटला. दुसऱ्यांदा निर्जंतुक हातमोजा ट्रेच्या कडेला घासला, तिच्या लक्षातही आलं नाही, तशीच ती जखमेकडे निघाली, आणि पेन उतरलं. निर्जंतुकता मोडली की नापास, हा नियम भिंगानेच पोरींच्या गळी उतरवला होता. तिसरी संधी शेवटची. आज गेली की मुलीला अभ्यासक्रम सोडून घरी जावं लागणार होतं, आणि घर म्हणजे काय ते सिस्टरला माहीत होतं. "परत गेली तर पुन्हा बाहेर पडू देणार नाहीत तिला," सिस्टर हळू आवाजात म्हणाली. म्हणजे तिच्या मानाने हळू. तीन खाटांना ऐकू गेलं. "तुम्हाला वशिला लावत नाहीये हं. आपली माहिती म्हणून सांगितलं." "माहिती आहे मला," ती म्हणाली आणि कागद काढला.

आधी दुसऱ्या मुलीचं मूल्यमापन होतं. हिला पोरी 'गोल्डमेडल' म्हणत आणि तिला ते आवडायचं. सुटसुटीत, चटपटीत, आवाजात गोडवा. पित्ताशय काढलेल्या एका बाईच्या पोटावरची जखम स्वच्छ करायची होती. गोल्डमेडलचे हात बघणं म्हणजे सराईत टायपिस्ट बघण्यासारखं होतं. बोळा उचलला, जखमेच्या मधोमध ठेवला. आधी जखम, मग तिच्या बाजू, आतून बाहेर, हे बरोबर होतं. त्याच वेळी भिंगाला डाव्या भुवईपाशी खाज आली. सकाळी रस्त्यात घाम आला होता, तो वाळला असावा. तिने पेनाच्या मागच्या टोकाने भुवई खाजवली. गोल्डमेडलचा हात थांबला. तिने बोळा टाकून दिला, नवा घेतला, आणि क्षणभरही न चाचरता बाहेरच्या कडेकडून सुरुवात केली.

"थांब," ती म्हणाली. "पहिलं बरोबर होतं. मग का बदललंस?"

"तुम्ही भुवई वर केलीत ना मॅडम," गोल्डमेडल म्हणाली. तक्रार नव्हती, ओशाळलेपण नव्हतं. रस्त्यावरचा लाल दिवा दाखवावा तसं ती दाखवत होती. मग आपण काय बोललो ते कळून तिचा चेहरा उतरला. "म्हणजे... सगळ्याजणी बघतात, मॅडम. पेन उतरायच्या आधी तुमची भुवई वर जाते. आम्ही एकमेकींना शिकवतो."

"पूर्ण कर," भिंग म्हणाली, "आतून बाहेर," आणि पहिल्यांदाच कागदावर काहीही न लिहिता तो घडी करून खिशात घातला. बाहेरच्या व्हरांड्यात हात धुण्याच्या बेसिनवर एक आरसा होता. त्यात तिने स्वतःची भुवई बघितली. साधीच होती, थोडी पांढरी झालेली. इतकी वर्षं पोरी जखमेवर काम करत होत्या आणि हिला वाचत होत्या. ज्यांना वाचता आलं त्या हुशार ठरल्या. काहींना भीतीने समोरचं धूसर होतं, त्यांना जखमही दिसली नसेल आणि भुवईही. हातमोजा घासल्याचं सावकाशच्या लक्षात आलं नाही, कारण ती हातमोज्याकडे बघतच नव्हती. तिचे डोळे वर होते. ते डोळे आता तिला स्पष्ट आठवले. त्या वेळी तिने त्यांची नोंद 'कामात लक्ष नाही' अशी केली होती. नळ चालूच राहिला होता. तो बंद करताना तिला वाटलं, पारा खोटं बोलत नव्हता. पारा बिचारा जे होतं तेच सांगत होता.

श्वास मोजताना रोग्याला सांगायचं नसतं, हे ती पोरींना पहिल्या महिन्यातच शिकवते. सांगितलं की माणूस श्वास सांभाळून घ्यायला लागतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट धरून ठेवायचं आणि नजर गुपचूप छातीकडे न्यायची. तेवढी फसवणूक आपल्या धंद्यात चालते. ती वॉर्डात परतली, सावकाशला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "परीक्षा जेवणानंतर घेऊ. तोवर खिडकीजवळच्या काकूंचं ड्रेसिंग करून टाक. मी ऑफिसात आहे." मुलीच्या खांद्यातून काहीतरी सैल झालेलं कपड्यावरूनही दिसलं. आणि भिंग, वॉर्डातली सगळ्यात ताठ बाई, ऑफिसच्या दाराशी जाऊन वळली, भिंतीच्या कडेकडेने आली आणि काकूंच्या शेजारच्या खाटेचा पडदा सरकवून आत शिरली.

त्या खाटेवर पायाचं गळू कापलेली एक बस कंडक्टरबाई होती. तिने मासिकातून डोकं वर काढलं. "काय हो मॅडम, विनातिकीट?" भिंगाने ओठांवर बोट ठेवलं. कंडक्टरबाईने आनंदाने मासिक मिटलं, बाजूला सरकली आणि खुर्चीकडे बोट दाखवलं. चेकर लपून बसलेला तिने जन्मात बघितला नसावा.

पडदा निळा होता, पुष्कळदा धुतलेला. त्याच्यापलीकडे काय चाललंय ते तिला दिसत नव्हतं आणि सुरुवातीला तिला काही सुचेना. हात आपोआप पेनाकडे गेला आणि रिकामाच परत आला. मग ऐकू यायला लागलं. पाणी. पाणी बराच वेळ. ट्रॉलीचं कुरकुरणारं चाक. "काकू, कालच्यापेक्षा कसं वाटतंय?" हा आवाज सावकाशचाच होता, पण भिंगाने तो कधी ऐकला नव्हता. तिच्यासमोर ही मुलगी घशातून बोलायची. काकू शिवणकाम करणाऱ्या होत्या, दुकान होतं त्यांचं, आणि डॉक्टरांबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं. "वाटायचं काय? हे टाके बघ. माझ्याकडे नवी आलेली पोरगी असले घालते, मी उसवून टाकते." "हे उसवू नका काकू, परवा आम्हीच काढणार." "तू काढणार असशील तर काढ. तो सकाळचा घाईचा मुलगा नको." पाकीट फाटल्याचा आवाज, एका दमात, मधे न अडखळता. झाकण. थोडी शांतता. या शांततेत काय करत असेल ती? हातमोजा चढवत असेल, आधी उजवा. भिंगाचे स्वतःचे हात मांडीवर तेच करत होते, बोटं एकेक करून हवेत शिरत होती. कंडक्टरबाई ते मजेने बघत होती.

"थांबा हं काकू," पलीकडून आवाज आला. "माझं चुकलं. मोजा तुमच्या चादरीला लागला."

"कुठे? मला तर नाही दिसलं."

"मला कळलं ना. हे सगळं टाकते, नवीन आणते. पाच मिनिटं जास्त लागतील. चालेल?"

"चालतंय बाई. मला कुठे मुहूर्त गाठायचाय!"

ट्रॉलीचं चाक पुन्हा कुरकुरलं, लांब गेलं. पडद्याच्या अलीकडे भिंग तशीच बसून होती. कुणी बघत नव्हतं. काकूंनाही दिसलं नव्हतं. मुलगी तशीच पुढे गेली असती तर जगात एका माणसालाही कळलं नसतं. चार दिवसांनी जखम लाल झाली असती तर सगळ्यांनी उन्हाळ्याला दोष दिला असता. ही गोष्ट कागदावरच्या कुठल्या चौकटीत बसते ते ती आठवू लागली. निर्जंतुकता मोडली, ही चौकट होती. मोडल्याचं स्वतःहून ओळखलं, याला चौकट नव्हती. तिनेच बनवलेला कागद होता तो. कंडक्टरबाई कानाशी येऊन कुजबुजली, "आता हिला नापास करणार का तुम्ही?" तिने मान हलवली. हो की नाही ते दोघींनाही समजलं नाही.

ड्रेसिंग झालं, ट्रॉली निघाली, आणि भिंगाने उठून पडदा बाजूला केला. सावकाशने तिला बघितलं. रंग आधी गेला, मग हळूहळू परत आला, आणि परत आला तो वेगळाच, कानापर्यंत लाल.

"तुम्ही ऑफिसात होतात," ती म्हणाली.

"नव्हते. इथे होते. ऐकत होते."

"मग मोजा लागला तेही ऐकलं असेल."

"ऐकलं. तू थांबलीस तेही ऐकलं. नवीन सामान आणलंस. मी तुला पास लिहिते आहे, आणि का लिहिते तेही खाली लिहिणार आहे. प्राचार्यांनी विचारलं तर माझं मी बघून घेईन."

मुलगी ट्रॉलीच्या दांड्याकडे बघत राहिली. आता रडेल, आभार मानेल, असं वाटून भिंग जरा अवघडली. "नको मॅडम," सावकाश म्हणाली. तिचा आवाज घशातूनच येत होता, पण येत होता. "असं नको. उद्या डॉक्टर बघत उभे राहतील, नातेवाईक उभे राहतील. प्रत्येक वेळी कोण पडदा ओढणार माझ्यासाठी? मला बघत असतानाच जमायला हवं. आणि तुम्ही... तुम्ही मला सांगायला हवं होतं." शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर ती स्वतःच दचकली.

"हो. सांगायला हवं होतं," भिंग म्हणाली. विद्यार्थिनीला असं काही म्हणायची वेळ तिच्यावर आली नव्हती. वाक्य तोंडात नव्या दातासारखं वाटलं. "पण हे नाकारलंस आणि समोर चुकलीस तर मला काही करता येणार नाही. घरी जावं लागेल. कळतंय ना?"

"कळतंय."

"मग घ्या की परीक्षा," कंडक्टरबाईने पांघरूण फेकून पाय पुढे केला. "माझा पाय आहे इथे. दोन दिवस नुसता पडून आहे, सत्कारणी तरी लागेल. पोरी, दुखवलंस तर बोंब मारीन, आधीच सांगते. आमची बोंब मागच्या दारापर्यंत जाते." खिडकीशी काकू उशीला टेकून बसल्या होत्या. "तिच्या हातात आहे हो कसब," त्या म्हणाल्या. "तुम्ही जरा उजेडातून बाजूला व्हा म्हणजे झालं." हे भिंगाला उद्देशून होतं. ती खाटेच्या पायथ्याशी, रोजच्या जागेवर, जाऊन उभी राहिली होती आणि खिडकीचा सगळा उजेड तिच्या पाठीने अडवला होता.

ती बाजूला झाली. कुठे उभं राहावं ते मात्र कळेना. डोक्याशी उभं राहिलं तर पुन्हा समोरच. शेवटी ती खाटेला वळसा घालून सावकाशच्या बाजूला, खांद्याशी खांदा येईल इतक्या अंतरावर, थोडी मागे उभी राहिली. पेन खिशात होतं. इथून मुलीचा चेहरा दिसत नव्हता. हात दिसत होते, पण जसे स्वतःचे दिसतात तसे, पुढे जाणारे. हात थरथरत होते. पहिला मोजा चढवताना अंगठा चुकीच्या बोटात गेला, निघाला, नीट बसला. सावकाशची मान वर व्हायला लागली, भुवईच्या शोधात, आणि समोर फक्त कंडक्टरबाईचा उत्सुक चेहरा होता. मान खाली गेली.

जुनी पट्टी वरून निघाली, पण आतला कापसाचा थर जखमेला चिकटला होता. सावकाशने त्यावर सलाईनचं पाणी सोडलं आणि थांबली. चिमटा हातात धरून नुसती थांबली. भिंगाच्या जिभेवर 'ओढ आता' आलं. इतकी वर्षं तिने या थांबण्यालाच संथपणा म्हटलं होतं, वेळेच्या रकान्यात गुण कापले होते. तिने ओठ मिटले. थराची कडा पांढुरकी झाली, मग ओली, मग आपली आपण सुटायला लागली. चिमट्याने ती अलगद उचलली तेव्हा कंडक्टरबाई बोंब मारायच्या तयारीत तोंड उघडून बसली होती. बोंब निघालीच नाही. "काढलं?" तिने विचारलं. "अर्धं," सावकाश म्हणाली आणि पुन्हा सलाईन सोडलं. हात अजून थरथरत होते, पण आता ती थरथर मनगटाशी अडत होती. चिमट्याच्या टोकापर्यंत पोचत नव्हती. ट्रेच्या कडेवरून हात जाताना तो वर उचलला गेला, अंतर राखून, आणि डोळे हातासोबत गेले.

मग जखम उघडी झाली. पायथ्याशी उभं राहून भिंगाने कितीतरी जखमा बघितल्या होत्या, नेहमी कुणाच्या तरी हातांच्या पलीकडे. ही आता तिच्या समोर होती. भोवतीची गुलाबी कातडी, आतली लाल, दाणेदार भिंत, तळाशी पिवळसर पट्टा. उजेड थेट आत पडला होता. पाय कुणाचा, परीक्षा कुणाची हे काही क्षण तिच्या डोक्यातच आलं नाही. तिला फक्त तो पिवळा पट्टा किती खोल आहे ते बघायचं होतं, आणि ती नकळत पुढे वाकली.

"मॅडम," सावकाश मागे न वळता म्हणाली, "तळाचा हा पिवळा भाग कालच्यापेक्षा कमी आहे ना?"

"काल मी बघितला नव्हता."

"मी बघितला होता. कमी आहे. भरतेय आतून. तरी डॉक्टरांना दाखवून घेऊ, ही कडा मला जरा ओलसर वाटतेय. इथे."

"कुठे?"

"इथे, माझ्या चिमट्याच्या डावीकडे. दिसतेय?"

भिंगाने चष्मा वर केला. दिसत होती. बारीकशी चमक, सहज निसटून गेली असती. "दिसतेय," ती म्हणाली. "दाखवू डॉक्टरांना." सावकाशने नवं ओलं कापड आत सोडलं, दाबून न भरता, कडांपर्यंत पोचेल इतकंच.

इनचार्ज सिस्टर केव्हापासून कोण जाणे, कमरेवर हात ठेवून दोन खाटांपलीकडे उभी होती आणि चक्क गप्प होती. कंडक्टरबाईला मात्र आता राहवेना. "ते भरतंय, ओलं आहे, ते सगळं ठीक," ती म्हणाली. "पोरीचं काय ते सांगा. पास का नापास?"

"पास," भिंग म्हणाली.

"ऐकलंस का गं?" कंडक्टरबाईने आनंदाने पाय आपटला.

"मावशी!" सावकाश ओरडली. तिच्या हातात चिकटपट्टीचं एक टोक होतं, दुसरं अजून लागायचं होतं, आणि तिने वर बघितलंही नाही. "पाय हलवू नका म्हटलं ना. झालेलं नाहीये अजून."